घरी बनवलेलं बेसबॉलचं पिचिंग मशीन : जून ते सप्टेंबर २०२४ च्या नोंदी

१६ जून, वर्तकनगर, ठाणे

भाचा शाळेच्या बेसबॉल टीममध्ये आहे. सरळ बॉल मारतो, पण कर्व्ह (हवेत वळणारा बॉल) आला की बॅट हवेत. टीममध्ये कर्व्ह टाकणारा एकच मुलगा आणि त्याचा खांदा सध्या दुखतोय, त्यामुळे प्रॅक्टिस कुणासमोर करायची हा प्रश्न. मी रबाळे एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, मोटर आणि बेअरिंग रोजचंच काम, म्हणून म्हटलं आपणच पिचिंग मशीन, म्हणजे बॉल फेकणारं मशीन, बनवू. दोन चाकं उलट दिशेने फिरवायची, मधून बॉल सोडायचा, दोन्ही चाकांचा स्पीड वेगळा ठेवला की बॉलला फिरकी मिळते. तयार मशीनच्या किमती बघितल्या आणि गप्प बसलो.

आज फक्त मापं घेतली. बॉलचा घेर २२.९ ते २३.५ सेंटीमीटर, वजन १४२ ते १४९ ग्रॅम, शिवणीचे १०८ दुहेरी टाके. पिचरच्या (बॉल टाकणाऱ्याच्या) पट्टीपासून होम प्लेटपर्यंत (बॅटरच्या शेजारची जमिनीतली पाटी) १८.४४ मीटर, म्हणजे ६० फूट ६ इंच. आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये सलग मोकळी जागा १४ मीटर मिळते, सेक्रेटरींना विचारून रविवारी सकाळी ७ ते ९ अशी परवानगी काढली.

पहिलं मशीन बनवणारे आपण नाही हेही कळलं. १८९७ मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या टीमसाठी चार्ल्स हिंटन नावाच्या गणिताच्या शिक्षकाने बंदुकीच्या दारूवर चालणारं पिचिंग मशीन केलं होतं. आपण २४ व्होल्टवर भागवू.

२२ जून

हिशोब असा. टार्गेट ताशी ८० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २२ मीटर. बॉलचा स्पीड म्हणजे दोन्ही चाकांच्या कडेच्या स्पीडची सरासरी, आणि फिरकी त्यांच्यातल्या फरकातून येते. मिनिटाला १५०० फेरे हवे असतील तर फरक सेकंदाला साधारण साडेअकरा मीटर लागतो. म्हणजे एक चाक २८ ने आणि दुसरं साडेसोळाने. ८ इंची चाक धरलं तर एक २६३० आरपीएम, दुसरं १५५० च्या आसपास.

इलेक्ट्रिक सायकलला लागतात त्या २४ व्होल्ट २५० वॅटच्या दोन डीसी मोटर लॅमिंग्टन रोडवरून आणल्या, २४०० ला एक. दोन स्पीड कंट्रोलर ४५० ला एक. दोन नायलॉनची कॅस्टर चाकं ३५० ला एक. यातल्या फक्त मोटर टिकल्या.

३० जून

फ्रेम झाली. वागळे इस्टेटमधल्या वेल्डिंगवाल्या काकांनी ४० च्या अँगलमध्ये उभी करून दिली, २२०० घेतले आणि मोटरच्या प्लेटला लांबट भोकं पाडायची त्यांची सूचना सोन्यासारखी निघाली, कारण चाकांमधलं अंतर नंतर मी निदान पंधरा वेळा बदललंय.

चूक पाइपची. बॉल ७४ मिलिमीटरचा, म्हणून ७५ चा पीव्हीसी पाइप आणला. पाइपचं माप बाहेरून असतं हे माहीत असून दुकानात लक्षात आलं नाही, बॉल तोंडातच अडकला. २५० गेले. ९० चा आणला तर त्यात बॉल खुळखुळतो. शेवटी ९० चा उभा चिरून अर्धी पन्हळ केली आणि आतून दरवाज्याला लावतात ती फोमची पट्टी दोन बाजूंनी चिकटवली. आता बॉल हाताने ठेवला की जसा ठेवला तसाच सरकत चाकांपर्यंत जातो. हे पुढे फार कामाला आलं.

६ जुलै

पहिला बॉल. सोडला आणि तो पुढे जायच्या ऐवजी वरच्या वर उडून माझ्या कोपरावर आला. एका मोटरची वायर उलटी, दोन्ही चाकं एकाच दिशेला फिरत होती. बॉल घालायच्या आधी चाकांना खडूने बाण काढा आणि हळू स्पीडला बघून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

वायर बदलल्यावर बॉल गेला, पण लोळत गेल्यासारखा. स्पीड मोजायला मोबाइलचा स्लो मोशन वापरतोय, सेकंदाला २४० फ्रेम. जमिनीवर २ मीटर अंतरावर दोन पांढऱ्या पट्ट्या मारल्या आणि त्यांच्यामधल्या फ्रेम मोजल्या : ३३. म्हणजे ताशी ५२. चाकं ८० ला सेट होती. नायलॉन कडक आणि गुळगुळीत, बॉल त्यात घसरतो. अंतर कमी करून दाबून बघितलं तर चामडं काळं पडलं आणि एका बॉलची शिवण उसवली.

१४ जुलै

हातगाडीची ८ इंची हवेची चाकं आणली, ६५० ला एक. रबर बॉलला कवेत घेतं, घसरत नाही. चाकांमधलं अंतर ६० मिलिमीटर आणि हवा जरा कमी. पण मोटरचा शाफ्ट ८ चा आणि चाकाचं भोक २० चं, मध्ये बुश (फट भरणारी नळी) लागला. माप मी स्टीलच्या पट्टीने घेतलं, व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन) कंपनीत राहिला होता. बुश सैल झाला, चाक केंद्रात बसलं नाही आणि २००० आरपीएमच्या पुढे सगळी फ्रेम थरथरायला लागली. दोन नट सुटून पडले. ६०० पाण्यात, परत ६०० देऊन नीट मापाचे बुश केले, तरी थरथर होतीच म्हणून टायरवाल्याकडून चिकटवायची शिश्याची वजनं आणून रिमला लावली, तेव्हा कुठे शांत झालं.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. हातगाडीची चाकं या स्पीडसाठी बनवलेली नसतात. ३ मिलिमीटर पत्र्याचं कव्हर दोन्ही चाकांवर लावल्याशिवाय मी स्विच दाबलेलं नाही आणि तुम्हीही दाबू नका. चाकांच्या रेषेत कुणीही उभं राहायचं नाही. पत्रा आणि कापणावळ धरून ९०० लागले.

२१ जुलै

दोन्ही कंट्रोलर गेले. १५ अँपिअरचे होते, मोटर सुरू होताना त्याहून जास्त ओढते. ३० अँपिअरचे आणले, ११०० ला एक. बॅटरीचंही तसंच, घरातल्या यूपीएसच्या ७ एएचच्या (अँपिअर-तास) दोन जोडल्या होत्या, दहा बॉलनंतर स्पीड उतरायला लागला. २६ एएचच्या दोन जुन्या ३००० ला मिळाल्या.

आता २ मीटरला २२ फ्रेम. ताशी ७८! भाचा पार्किंगमध्ये नाचला. प्रत्येक बॉलनंतर चाकाचा स्पीड थोडा पडतो, परत चढायला ५ ते ८ सेकंद द्यावे लागतात.

२८ जुलै ते १ ऑगस्ट

या पाच दिवसांत जे झालं त्यासाठीच खरं तर या नोंदी टाकतोय.

फिरकी द्यायच्या आधी मशीन सरळ टाकतंय का ते बघायचं ठरवलं. दोन्ही चाकं अगदी सारख्या स्पीडला, फिरकी शून्य. १४ मीटरवर काळी चादर टांगली, बॉलला खडूची पूड चोळली म्हणजे लागला तिथे ठसा उमटतो. वीस बॉल टाकले. ठसे अर्ध्या चादरीवर पसरलेले! एक इकडे, एक तिकडे, एक मध्येच खाली बसलेला. स्लो मोशनमध्ये एक बॉल अर्ध्या वाटेत डावीकडे सरकून परत उजवीकडे आलेला दिसला.

मला वाटलं फ्रेम हलतेय. सोमवारी ऑफिसवरून येऊन फ्रेम जमिनीला अँकर बोल्टसाठी भोकं न पाडता वाळूच्या गोण्यांनी दाबली. फरक नाही. मंगळवारी चाकं परत बॅलन्स केली. फरक नाही. बुधवारी मोटरच्या प्लेट सुताने ओळंब्यात आणल्या, पन्हळीतली फोमपट्टी बदलली. तेच. गुरुवारी पाऊस आणि लाइट गेलेली, मोबाइलच्या उजेडात सगळे नट परत आवळले आणि रात्री साडेअकराला घरी आलो.

शेवटी भाच्याने व्हिडिओ त्याच्या टीमच्या सरांना पाठवला. सरांचा फोन आला, ते म्हणाले, "अहो, मशीनला काही झालेलं नाही. हा नकलबॉल आहे. फिरकी नसलेला बॉल असाच जातो, पिचर मुद्दाम नखांनी धरून असा टाकतात."

तर कारण असं. बॉल फिरत नसला की शिवण हवेत जशी समोर येईल तशी राहते. ज्या बाजूला शिवण असते तिथे हवा वेगळ्या जागी सुटते, दुसऱ्या बाजूला वेगळ्या जागी, आणि त्यातून बॉलला एका बाजूला धक्का बसतो. बॉल जाता जाता अर्धा फेरा फिरला तरी शिवणीची जागा बदलते आणि धक्क्याची दिशाही. बॉल जोरात फिरत असेल तर शिवण सेकंदाला पंचवीस वेळा फिरून येते, तो डावा-उजवा धक्का तिथल्या तिथे मिटतो. म्हणजे "सरळ" बॉल हवा असेल तर फिरकी शून्य नाही, फिरकी भरपूर पाहिजे. माझा पाया म्हणून धरलेला बॉलच सगळ्यात बेभरवशाचा होता.

मशीन बनवणाऱ्यांनी हे पहिल्या दिवशी लिहून भिंतीला लावावं. चाकं सारख्या स्पीडला ठेवून मशीन तपासू नका.

४ ऑगस्ट

फिरकी मोजायची होती. १९५९ मध्ये लायमन ब्रिग्ज यांनी केलेला प्रयोग वाचला, अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सचे ते आधी डायरेक्टर होते. बॉलला सपाट फीत चिकटवायची, बाकीची जमिनीवर मोकळी ठेवायची, बॉल टाकायचा आणि मग फितीला किती पीळ पडले ते मोजायचे. किती सोपं आणि किती सुंदर!

मशीनवर करून बघितलं तर फीत चाकात गुंडाळली आणि मोटरपर्यंत गेली, काढायला तासभर गेला. मशीनला ही युक्ती नको. पण हाताने टाकलेल्या बॉलला मस्त चालते. सर आले होते, त्यांनी कर्व्ह टाकला, मी आणि भाचा जमिनीवर उकिडवे बसून फीत उलगडत एकेक पीळ मोजत गेलो, बारा झाले. १४ मीटर जायला पाऊण सेकंदाच्या आत लागला, म्हणजे मिनिटाला साधारण हजार फेरे. सर फीत हातात धरून किती तरी वेळ बघत राहिले. वीस वर्षं टाकत आलेल्या बॉलची फिरकी त्यांनी पहिल्यांदा मोजलेली बघितली.

मशीनसाठी बॉल अर्धा काळ्या मार्करने रंगवला आणि स्लो मोशन. साडेनऊ फ्रेमला एक फेरा, म्हणजे दीड हजार. कंट्रोलर मात्र १७०० च्या हिशोबाला लावावा लागला, थोडं घसरणं अजून आहे.

११ ऑगस्ट

चाकं शेजारी-शेजारी आडवी ठेवली म्हणजे बॉल बाजूला वळेल. आधी डावं चाक फास्ट ठेवून दहा बॉल, मग उजवं फास्ट ठेवून दहा. डावं फास्ट असलं की बॉल उजवीकडे जातो, उजवं असलं की डावीकडे. ठशांचे दोन पुंजके स्पष्ट वेगळे. त्यांच्यातलं अंतर १४४ सेंटीमीटर, निम्मं केलं की ७२. मशीन थोडं तिरकं रोखलेलं असेल तर तेही निम्मं करण्यात कटतं, असा माझा हिशोब. सव्वादोन फुटांहून जास्त वळला! घरी सगळ्यांना सांगितलं.

१३ ऑगस्ट

सरांना पटलं नाही. ब्रिग्ज यांच्या प्रयोगात पूर्ण अंतरावर जास्तीत जास्त साडेसतरा इंच निघालं होतं, म्हणजे ४४ सेंटीमीटर. आपला बॉल हळू आहे म्हणून त्याला वळायला वेळ जास्त मिळतो हे खरं, पण फिरकी कमी आहे आणि अंतर फक्त १४ मीटर. ७२ जरा जास्त वाटतं.

भाच्यानेच पकडलं. म्हणाला, "मामा, मला बॉल मशीनमधून निघतानाच तिरका दिसतो." मी चादर उचलून ५ मीटरवर टांगली आणि तेच वीस बॉल टाकले. निम्मं अंतर १६ सेंटीमीटर. फिरकीने इतक्या जवळ इतकं वळणं शक्य नाही. एक चाक फास्ट असलं की ते बॉलला सुटताना थोडं बाजूला ढकलतं, आणि दुसरं चाक फास्ट केलं की ढकलणंही उलटं होतं, म्हणून निम्मं करण्याच्या युक्तीत ते कटत नाही, उलट मिळून जातं.

वेगळं कसं करायचं? तिरकेपणा अंतराच्या पटीत वाढतो, वळण अंतराच्या वर्गाच्या पटीत. ५ मीटरला १६ आणि १४ मीटरला ७२, या दोन आकड्यांवरून कागदावर दोन ओळींत सुटतं : तिरकेपणाचे ३० सेंटीमीटर, खऱ्या वळणाचे ४२. मग खात्री करायला बॉलवरचा धक्का काढून बघितला. हवेची घनता आणि बॉलचा आकार धरून बॉलच्या वजनाच्या साधारण पाचवा हिस्सा येतो, तेवढ्या बळाने पाऊण सेकंदाच्या आत तो चाळीसेक सेंटीमीटरच सरकेल. जुळलं. ७२ च्या आनंदापेक्षा या ४२ चा आनंद मला जास्त झाला, कारण हा खरा आहे. होम प्लेटची रुंदी १७ इंच, म्हणजे ४३ सेंटीमीटर. जवळजवळ अख्खी प्लेट ओलांडण्याइतकं वळण, पार्किंगमध्ये, हातगाडीच्या चाकांनी.

या धक्क्याला मॅग्नस या शास्त्रज्ञांचं नाव आहे, १८५२ च्या सुमारास जर्मनीत त्यांनी फिरणाऱ्या तोफगोळ्यांच्या भरकटण्याचा अभ्यास केला. फिरणारा बॉल मागे सुटणारी हवा एका बाजूला फेकतो आणि स्वतः दुसऱ्या बाजूला सरकतो. आपल्याकडे लेगस्पिनरचा बॉल टप्पा पडायच्या आधी हवेत वाहतो तो याच धक्क्याने. फास्ट बोलरचा स्विंग वेगळा, तिथे तिरकी धरलेली शिवण आणि एका बाजूची चकाकी काम करते. बेसबॉलमध्ये टप्पाच नाही, जे काय करायचं ते हवेत.

१८ ऑगस्ट

पावसाने बॉलची वाट लावली. डझनभर बॉल, २८० ला एक, गॅलरीत पिशवीत टांगलेले. आज चाकात परत घसरायला लागले आणि बॅटला लागल्यावर थप्प असा मेलेला आवाज. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन केलं तर १५२ ग्रॅम, नवा होता तेव्हा १४५. आत लोकरीच्या धाग्याचं गुंडाळं आणि वर चामडं, दोन्ही ओल पितात. २ मीटरवरून फरशीवर सोडला तर ५५ सेंटीमीटर उसळला, कपाटात प्लास्टिकमध्ये बंद राहिलेला एक ६६ उसळला.

अमेरिकेत डेन्व्हरला उलटा त्रास होता. शहर समुद्रसपाटीपासून १६०० मीटरवर, हवा विरळ आणि कोरडी, बॉल सुकून कडक व्हायचे आणि मैदानाबाहेर जायचे, म्हणून २००२ पासून तिथे बॉल दमट कपाटात ठेवतात. ठाण्यात आपल्याला सुकवायचेत. आईने पापडांचा मोठा स्टीलचा डबा रिकामा करून दिला, तळाला सिलिका जेलची पाकिटं, वर जुनं धोतर, त्यावर बॉल. उन्हात किंवा गॅसजवळ ठेवू नका, एक ठेवला तर चामडं तडकलं.

२७ ऑगस्ट

नवव्या दिवशी डबा उघडला. १४६ ग्रॅम, उसळी ६४. जमलं. आज दहीहंडी, बाहेर एवढा आवाज की मशीनचा आवाज कुणालाच ऐकू आला नाही, दुपारी चाळीस बॉल टाकून घेतले.

१ सप्टेंबर

चाकं वर-खाली केली. वरचं फास्ट केलं की बॉल नेहमीपेक्षा ४० सेंटीमीटर खाली बसतो. खालचं फास्ट केलं की तेवढाच वर लागतो. भाचा ठामपणे म्हणतो की तो बॉल वर चढतो. चढत नाही. एवढ्या वेळात बॉल स्वतःच्या वजनाने दोन मीटर खाली यायला हवा, उलटी फिरकी असली की सोळाशे मिलिमीटरच येतो. डोळ्याला रोजच्या पडण्याची सवय असते, कमी पडला की वर गेल्यासारखा वाटतो आणि बॅट त्याच्या खालून जाते.

शिवणीचंही आजच लक्षात आलं. पन्हळीत बॉल कसाही ठेवला तर ठसे पसरतात. एका फेऱ्यात शिवण चार वेळा समोर येईल असा, पेनाने खूण करून प्रत्येक वेळी तसाच ठेवला तर ठसे एका ताटलीत मावतील एवढे जवळ येतात. दोन्ही प्रकारे पंधरा-पंधरा बॉल टाकून बघितले.

२२ सप्टेंबर

गणपती झाले, पाऊस थांबला, मशीन टेम्पोत घालून शाळेच्या मैदानावर नेलं. पूर्ण १८.४४ मीटर. स्पीड ९० ला नेला, फिरकी तीच. समोर जाळी, मशीनवर फक्त मी, आणि बॉल दाखवून हात वर केल्याशिवाय सोडायचा नाही हा नियम.

पहिल्या पंधरा कर्व्हमध्ये भाच्याची एकही बॅट लागली नाही. सरांनी त्याला बॅट खाली ठेवायला सांगितली आणि नुसतं उभं राहून प्रत्येक बॉलला "सरळ" की "कर्व्ह" ओरडायला लावलं. बॅटरचा निर्णय बॉल अर्ध्या वाटेत यायच्या आत व्हावा लागतो, आणि वळण बहुतेक उरलेल्या अर्ध्यात होतं. तीस बॉलनंतर त्याचं ओरडणं बरोबर यायला लागलं. मग बॅट. सहावा बॉल सरळ माझ्या डोक्यावरून, टाळी वाजवावी तसा स्वच्छ आवाज.

एकूण खर्च एकवीस हजारांच्या थोडा वर, त्यातले अडीच हजार नायलॉनची चाकं, पहिले कंट्रोलर, पहिले बुश आणि चुकीचा पाइप यांत गेले. रविवार सगळे गेले ते वेगळं. बाकी काम : डाव्या मोटरचा ग्रब स्क्रू (शाफ्टवर घट्ट आवळायचा छोटा स्क्रू) दर शंभर बॉलनंतर सैल होतोय, शाफ्टवर सपाट घासून घ्यायचाय. आणि टीममधल्या मुलांनी नकलबॉलची मागणी केलीय, त्यासाठी दोन्ही चाकं सारख्या स्पीडला लावायची एवढंच करायचंय.